रंगाऱ्याच्या खिशातला फोन

मी बोलतोय. नाही, पलीकडे कुणी नाही. मीच, फोन. आजवर सगळ्यांनी माझ्यातून बोलून घेतलं. तुला काही सांगायचंय का, असं कुणी विचारलं नाही. पण आज सकाळपासून माझ्या जिवाला चैन नाही, म्हणून न विचारताच बोलतोय.

माझा पहिला मालक विमा एजंट. मला चकचकीत कव्हरात ठेवायचा आणि दिवसभर माझ्यातून लोकांना त्यांच्या मरणाची आठवण करून द्यायचा. नवं मॉडेल आलं आणि त्यानं मला दुरुस्तीच्या दुकानात विकून टाकलं. तिथं काचेच्या कपाटात मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. मग एक रंगारी आला. त्याचा जुना फोन रंगाच्या बादलीत पडून निकामी झाला होता. कॅमेरा कसा आहे, हे त्यानं विचारलंच नाही. म्हणाला, परांचीवर असताना ऐकू आला पाहिजे. दुकानदारानं मला वाजवून दाखवलं, तर रस्त्यावरच्या माणसांनीही आपापले खिसे चाचपले. सौदा तिथंच झाला.

घरात माणसं तीन. रंगारी, इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करणारी त्याची बायको आणि त्यांची मुलगी खारू. तिचं खरं नाव वेगळं आहे. पेन्सिलीची टोकं कुरतडायची सवय म्हणून ती खारू. फोन मात्र मी एकटाच. दिवसा मी बाबांचा, संध्याकाळी खारूचा. ती आधी ओल्या फडक्यानं माझ्यावरचे रंगाचे शिंतोडे पुसायची आणि मग मला पाण्याच्या तांब्याला टेकवून अभ्यासाला बसायची.

बाबांची एक पद्धत होती. अनोळखी नंबर आला की आधी खाकरायचं आणि मग भरदार आवाजात सांगायचं, "काम जोरात आहे, तारीख बघून कळवतो." घरी हातावर हात ठेवून बसलेले असले तरी हेच. एकदा खारूनं विचारलं तेव्हा त्यांनी तिला समजावलं होतं, की रंगारी रिकामा आहे असं कळलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. कामात बुडालाय म्हटलं की तेच गिऱ्हाईक चार दिवस थांबतं. मला यात काही वावगं वाटलं नाही. एजंटाच्या खिशात मी याहून मोठ्या थापा ऐकल्या होत्या.

खारू बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. दूरच्या शहरातल्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला आणि गुणांवर शिष्यवृत्तीही. पण ती निम्म्याच फीची. उरलेल्या फीसाठी आणि वसतिगृहासाठी आर्थिक मदतीचा वेगळा अर्ज करायचा होता. तिला शिकवणाऱ्या बाईंनी घरी येऊन सगळं नीट सांगितलं. शिष्यवृत्ती हुशारी बघून मिळते, मदत परिस्थिती बघून. अर्ज गेला, त्यावर नंबर माझा. चौकशीचा फोन येईल, असं कळलं.

तेव्हापासून घराला माझं वेड लागलं. मी नुसता थरथरलो तरी तिघं उठायची. कर्ज हवंय का म्हणून कुणी विचारायचं, कुणाचा नंबर चुकलेला असायचा, आणि खारूचं तोंड एवढंसं व्हायचं. मी वाजलोच नाही तरी ती मला उचलून बघायची, रेंज आहे ना, आवाज बंद तर नाही ना.

फोन आला तेव्हा बाबा परांचीवर होते. पलीकडे विद्यापीठातल्या एक बाई, आवाज मऊ. घरी कोण कोण, काम कसं चाललंय, हाताखाली माणसं आहेत का, असं त्या विचारू लागल्या. आणि बाबा खाकरले.

ते खाकरणं माझ्या चांगल्या ओळखीचं. "काम जोरात आहे, बाई," ते म्हणाले. "हाताखाली दोन माणसं आहेत. पोरीला आम्ही काही कमी पडू देणार नाही." एरवी बोलता बोलता माझी रेंज जाते. त्या दिवशी मेली हलली नाही. बाईंनी आभार मानून फोन ठेवला. बाबा शीळ घालत खाली उतरले आणि संध्याकाळी बायकोला म्हणाले, छाप पाडली.

काही दिवसांनी निरोप आला. कुटुंबाची स्थिती पाहता मदतीची गरज दिसत नाही, एवढंच. खारूनं तो पुन्हा पुन्हा वाचला आणि मग शांतपणे विचारलं, बाबा, त्यांनी तुम्हाला काय विचारलं होतं? बाबा सांगू लागले. आधी तोऱ्यात, मग हळूहळू, आणि शेवटचं वाक्य तर त्यांच्या ओठांतच राहिलं.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली चादर खाली ठेवून म्हणाली, "भिंतीला मारता तसा घरालाही रंगाचा हात मारून आलात."

कुणी हसलं नाही. खारू रडली नाही. इथल्या कॉलेजातही तोच विषय आहे, असं म्हणाली. तो नव्हता, आणि हे तिघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या बाबांनी मला खिशातून काढलं, विद्यापीठाचा नंबर लावला आणि कापला. थोडी भिंत रंगवली, पुन्हा लावला, पुन्हा कापला. अंगठ्याच्या घामानं माझी काच चिकट झाली. माझ्याच्यानं ते बघवेना. मग एकदा त्यांचा अंगठा जागच्या जागी थबकला आणि पलीकडून बाईंचा आवाज आला.

या खेपेस ते खाकरले नाहीत.

"बाई, मी त्या दिवशी खरं बोललो नाही. माणसं होती, ती केव्हाच सोडून गेली. मी एकटाच आहे, आणि काम लागलं तर लागलं. मोकळा आहे असं सांगितलं की आमच्यात भाव पडतो, म्हणून जिभेला तसंच वळण लागलंय. पोरगी हुशार आहे हे मी कुणालाही सांगेन. आमच्याकडे नाही, एवढंच सांगता येत नव्हतं."

बाई म्हणाल्या, फोनवर निर्णय फिरवता येत नाही, पण फेरविचार मागता येतो. मुलीला घेऊन समितीपुढे या. आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "इथं कुणी भाव पाडणार नाही, दादा."

समितीत त्या बाई होत्या, एक तरुण अधिकारी होता आणि मधोमध एक वयस्कर प्राध्यापक. मी आवाज बंद करून बाबांच्या शर्टाच्या खिशात होतो. त्यांच्या काळजाची धडधड मला थेट बसत होती. प्राध्यापकांनी सरळच विचारलं, "खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

खारू म्हणाली, "सर, तेव्हा ते तुमच्याशी बोलतच नव्हते. गिऱ्हाइकाशी बोलत होते. तसं बोलूनच त्यांनी मला इथवर शिकवलंय."

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. मग जरा खालच्या आवाजात विचारलं, गेल्या महिन्यात काम किती होतं? बाबा म्हणाले, "एक स्वयंपाकघर. त्यातही छत रंगवायचं नव्हतं."

फी पूर्ण माफ झाली. वसतिगृहाचं मात्र काही झालं नाही. आईनं सुटीच्या दिवशीही धुलाईखान्यात जायला सुरुवात केली, खारूला विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मिळालं. सुटलो एकदाचे, असं म्हणावं, तर त्यातही एक मेख निघाली. ही माफी वर्षापुरती. निकाल ठरलेल्या टक्क्यांच्या खाली गेला की बंद.

खारू मावशीचा जुना फोन घेऊन गेली. मी मागे राहिलो. आता माझ्या काचेला तडा गेलाय आणि बॅटरी दुपारीच धापा टाकते. बाबांनी मला दोरीनं गळ्यात अडकवलंय, गाईच्या घंटेसारखं. आणि आज तिचा पहिल्या वर्षाचा निकाल आहे. दुपारी फोन करते म्हणाली होती. बाबा एका शाळेच्या खिडक्या रंगवताहेत. एकच गज त्यांनी दोनदा रंगवला आणि पुन्हा त्याच्याकडेच वळलेत. मघाशी मी वाजलो तर घाईत ब्रश खाली पडला. कुणीतरी दिवाणखान्याचा भाव विचारत होतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. भिंती रंगवायच्या असतील तर जरूर फोन करा. रंगारी मोकळा आहे, आणि हात चांगला आहे. फक्त आज दुपारी नको. आज ही लाइन मोकळी राहू द्या.