माझ्या अंगात वारा शिरला नव्हता

मी लॅपटॉप बोलतोय, आणि रागावून बोलतोय. माझा मुक्काम जावा बेटावर, सार्जुमान यांच्या गाद्यांच्या दुकानात. गाद्या सावरीच्या कापसाच्या. गिऱ्हाईक येतं, गादी दाबून बघतं, भाव पाडतं आणि जाताना कापसाचा एक ढग माझ्या पोटात सोडून जातं. चार वर्षं मी तो गिळला. फडका फिरला तो फक्त पडद्यावर.

यंदा मालकांची लेक वेनिंग प्रबंध माझ्यावर टाइप करत होती. दीडशे पानं, दुसरी प्रत कुठेही नाही, आणि सोमवारी द्यायचा. शनिवारी मी तापलो, घरघरलो आणि बंद पडलो.

मालकीणबाई तुमिराह यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "याच्या अंगात वारा शिरलाय गं. बघ कसा तापलाय." आमच्या गावात डोकं दुखो की पोट, दोष वाऱ्याचा. बाईंनी खणातून औषधी पट्ट्या काढल्या आणि माझ्या हवेच्या जाळ्यांवर चिकटवल्या. श्वास जिथून घ्यायचा, नेमक्या तिथेच.

"एकच लाव," सार्जुमान म्हणाले. "मला दुखलं की अर्धी देतेस, आणि याला दोन?"

वेनिंग रडकुंडीला आली. तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या नगादिमिन मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी पट्ट्या पाहिल्या. "काकू, तेलाने मालिशही केलीत का?"

"करणार होते. पोरीने बाटली हिसकावली."

मिस्त्रींनी माझी वायर काढली, मला गार होऊ दिलं, झाकण उघडून बॅटरी सोडवली. पंखा गरगरू नये म्हणून बोटाने धरला, मऊ ब्रश फिरवला, रबरी फुग्याने हवेचे छोटे झोत मारले. सार्जुमान फुंकायला वाकले.

"तोंडाने नको, काका. थुंकी उडते."

मूठभर कापूस निघाला. सार्जुमान यांनी तो चिमटीत चोळून पाहिला. "माल चांगला आहे. छोटी उशी होईल." चार वर्षांची माझी घुसमट, आणि यांना उशी सुचली.

मी सुरू झालो. दीडशेच्या दीडशे पानं जागेवर होती. वेनिंगने आधी दुसरी प्रत काढली, मग डोळे पुसले.

आता ती नोकरीला शहरात गेली. जाताना ब्रश माझ्या शेजारी खिळ्याला टांगून गेली. तीन महिने झाले, त्याला कुणी शिवलेलं नाही. कापूस उडतोच आहे.

आज मी पुन्हा तापलोय. बाईंनी पाठीवर हात ठेवलाय, आणि दुसऱ्या हाताने खण उघडतायत.

बाई, ब्रश खिळ्याला आहे. खिळ्याला.