झाकणावरचे दोन खड्डे

बाराव्या फेरीचे नमुने परत आले आणि त्यातल्या एकाच्या झाकणावर पुन्हा तेच दोन खड्डे, अगदी समोरासमोर. इंजिनीअरबाईंनी तो नमुना भिंगाखाली धरला आणि मग टेबलावर आपटला. उद्या सकाळी झाकणाचा साचा पोलादात कापायला जायचा होता. एकदा तो कापला की हेच झाकण हजारो आजारी माणसांच्या हातात पडणार, आणि नंतर काही चुकलंसं वाटलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

वस्तू तशी साधी होती. सांध्यांच्या दुखण्यानं बोटं आखडलेल्या माणसाला घरच्या घरी टोचून घेता येईल असं पेनासारखं इंजेक्शन. झाकण ओढायचं, मांडीवर दाबायचं, झालं काम. चाचणीचे नमुने रिकामे आणि बिनसुईचे असत. ते सात घरी जात आणि एकाच खोक्यातून परत येत. कुणाचा नमुना कुठला ते कळू नये म्हणून त्यांवर खूण करायची नाही, हा नियम बाईंचाच. सात घरांतलं एक घर बाईंच्या बाबांचं. त्यांची बोटं सगळ्यांत वाकडी, म्हणून बाबांना जमलं की जगाला जमलं, असं ऑफिसात ठरूनच गेलं होतं. फॉर्मवर नाव नसे, पण बाबांचं अक्षर बाईंना ओळखू येई. बाराही वेळा त्यांनी एकच शब्द लिहिला होता: "उत्तम."

"मास्तर, पुन्हा पकडीत धरलंत ना?" बाई वर्कशॉपमध्ये जाऊन तिथल्या मुख्य कारागिरावर कडाडल्या.

मास्तरांनी हातातली कानस खाली ठेवली. झाकणांच्या कडा ते स्वतः घासत. "बाई, माझ्या पकडीचा जबडा सपाट आहे. खड्डे पडतीलच कसे?"

"मग काय उंदीर कुरतडतात?"

मास्तरांनी कानस पुन्हा उचलली. याच खड्ड्यांपायी बाईंनी दोनदा प्लास्टिक बदलून आणखी कडक घेतलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनाच सगळी झाकणं नव्यानं घासावी लागली होती. साहेबांकडे जावं, तर त्यांना रंगापलीकडे काही दिसत नसे. "खड्डे कोण बघतंय? निळा काय सुंदर आलाय बघा," ते म्हणाले. बाई दातओठ खात बाहेर पडल्या.

संध्याकाळी त्या चाचणी संपल्याच्या कागदावर सही घ्यायला बाबांकडे गेल्या. बाबा चहात पाव बुडवून खात होते आणि तोंडावर हात धरून बोलत होते.

"या इंजिनीअरबाई. उद्या साचा ना?"

"हात काढा बघू."

समोरचा दात अर्धा तुटला होता.

"हे कधी झालं?"

"मंगळवारी. वय झालं आता."

मंगळवारीच नमुने घरोघरी गेले होते. बाईंनी पिशवीतून खड्डे पडलेला नमुना काढला आणि त्यांच्या हातात दिला. "माझ्यादेखत उघडा."

"तू जरा आतून पाणी आण."

बाई हलल्या नाहीत. बाबांनी दोन बोटांनी झाकण ओढून पाहिलं. ते निघेना. मग सवयीनं त्यांनी पेन तोंडाकडे नेलं, आणि लेकीकडे बघून मध्येच थांबले.

"पहिल्यापासून असंच करताय?"

"आधी बरं होतं गं. दात छान रुतायचा. तूच ते कडक करत गेलीस."

खड्डे पडू नयेत म्हणून झाकण कडक केलं आणि बापाचाच दात मोडला. बाईंना बाबांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त, आणि मास्तरांना बोलल्याची लाज वाटली.

"मग 'उत्तम' कशाला लिहिलंत?"

"पोरीनं केलेलं. त्याला नावं कशी ठेवू?"

"खरं लिहा म्हणून दाताच्या कण्या करून सांगितलं होतं मी."

"कण्या माझ्या झाल्या," बाबा म्हणाले.

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. "उद्या साचा कापायचा नाही. झाकण बदलायचंय."

"एका खड्ड्यासाठी?"

"एका दातासाठी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मग कोरा फॉर्म बाबांपुढे सरकवला. "आता खरं लिहा."

"तुला रागावतील ना?"

"रागावू देत."

बाबांनी टेबलावरचं आपलं रोजचं पेन उचललं आणि त्याचं टोपण दातात धरायला गेले. बाईंनी पेनच काढून घेतलं. टोपणावर समोरासमोर दोन खड्डे होते. शेजारी खोकल्याच्या औषधाची बाटली होती, तिच्या बुचावर होते. मलमाच्या ट्यूबवर होते. दर रविवारी त्या याच टेबलाशी बसून बाबांना नवा नमुना दाखवत आल्या होत्या, आणि हे एकदाही त्यांच्या नजरेला पडलं नव्हतं.

त्यांनी टोपण काढलं, उघडं पेन बाबांच्या बोटांत नीट बसवलं आणि फॉर्म हातानं दाबून धरला. बाबांनी सावकाश लिहिलं: "झाकण निघत नाही."