टायरवरची तारीख

आप्पांच्या घरात तारीख नसलेली वस्तू एकच, ती म्हणजे स्वतः आप्पा, असं त्यांची मुलगी म्हणायची. त्यात चेष्टा होती तशी तक्रारही होती. औषधांच्या दुकानात आप्पांनी पस्तीस वर्षं काढली, पण पाकीट उलटं करून मुदत वाचल्याशिवाय एक गोळी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली नाही. निवृत्त झाल्यावरही हाताला चैन पडेना. मग मिठाची बरणी, टूथपेस्ट, टॉर्चचे सेल, सगळ्यांवर छोट्या चिकटपट्ट्या आल्या. ‘उघडली: बारा तारीख.’ नातवाच्या वॉटरकलरच्या डबीलाही त्यांनी सोडलं नव्हतं.

असा हा माणूस त्या शनिवारी दुपारी टायरच्या दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता.

कारणही तसंच होतं. मुलगी नर्स. डोंगरापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला नोकरी मिळाली होती आणि आज संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. रस्ता घाटाचा, बसची सोय नाही, गाडी चालवत जायला हवं. आणि दीड महिन्यापूर्वी, पावसात, त्याच रस्त्यावरच्या एका वळणावर गाडी तिच्या हातून सुटून गर्रकन फिरली होती. कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवर पाच वर्षांचा मुलगा झोपला होता, तो उठलासुद्धा नाही. तेव्हापासून तिने चावीला हात लावला नव्हता.

“मी ब्रेक हळूच दाबला होता,” असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. आप्पा म्हणाले होते, “हळू दाबला असता तर फिरली असती का? झुरळ मारल्यासारखा पाय मारतेस तू.” हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते धाकट्या भावाला फोनवर सांगितलं, मेहुणीला सांगितलं, शेजारच्या मास्तरांना तर दोनदा सांगितलं. मुलीने ब्रेकचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता तिला रोज आपणच सोडायचं, असं आप्पांनी ठरवलं होतं. ती नको म्हणत होती. सत्तरीच्या बापाला रोज दोनदा घाट चढायला लावू? त्यापेक्षा नोकरी नको. आप्पांनाही मनातून घाटाची धडकी भरली होती. म्हणून निदान टायर तरी नवे असावेत, एवढ्यासाठी ही धावपळ.

टायरचं दुकान एक बाई चालवत होत्या. पन्नाशीच्या, कोपरापर्यंत काळे हात, चष्मा कपाळावर चढवलेला. आप्पांच्या प्रश्नांची सरबत्ती त्या निमूटपणे झेलत होत्या. रुंदी तीच का? ओल्या रस्त्यावर कोणता चांगला? आवाज कोणता कमी करतो? महाग असतो तो खरंच टिकतो का?

“रस्ता कुठला आहे ते सांगा, काका.”

“घाटाचा.”

“मग पावसात पकड धरणारा घ्या. थोडा लवकर झिजेल, झिजू द्या. चार काढते.”

“तीनच काढा,” आप्पा रुबाबात म्हणाले. “मागचा डावा एकदम नवा कोरा आहे. गाडीबरोबर आलेली स्टेपनी. इतकी वर्षं डिकीत सांभाळून ठेवली, रस्ता दाखवला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी पंक्चर झालं तेव्हा लावली, मग म्हटलं राहू दे, चांगला टायर काढून ठिगळवाला कशाला लावायचा?”

बाई मागच्या डाव्या चाकाशी उकिडव्या बसल्या. चष्मा खाली घेतला. खाचा नव्यासारख्या खोल होत्या, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. टायरच्या बाजूवर अंगठा दाबला, नख रोवून पाहिलं, मग फडक्याने धूळ पुसली.

“हे चार आकडे वाचा, काका.”

“दोन, तीन, एक, तीन. मॉडेल नंबर असेल.”

“तारीख आहे ती. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तेराव्या सालातला टायर आहे हा, तेविसाव्या आठवड्यातला. बारा वर्षांचा म्हातारा. रबर लाकडासारखं झालंय.”

तारीख! पस्तीस वर्षं जो माणूस तारखा वाचत आला, त्याने दर रविवारी या टायरवर फडकं मारलं होतं, याच आकड्यांवरून.

“खाचा खोल आहेत की पण,” ते कसेबसे म्हणाले.

“खाचा खोल असून काय उपयोग? ओल्या रस्त्यावर हा धरतच नाही. त्यातून मागचा. वळणावर गाडी मागून सुटते आणि गोल फिरते. चालवणारा कितीही तयारीचा असू दे, त्याच्या हातात काही राहत नाही.” बाई उठल्या. “घसरली होती का कधी?”

“नाही,” आप्पा म्हणाले.

तो शब्द तोंडातून गेला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. काउंटरमागे नवखा पोरगा म्हणून उभे असतानाही, नोकरी जाईल या भीतीनेसुद्धा ते कधी खोटं बोलले नव्हते. आज कसली भीती होती? कुणी विचारणार नव्हतं, कुणी ओरडणार नव्हतं. जुना टायर इथेच राहील, त्याची विल्हेवाट लागेल, आणि झुरळाचं वाक्य तेवढं घरात कायमचं राहील.

चार टायर आले. आप्पांनी गुडघ्यावर बसून चारांच्याही तारखा वाचल्या. एक अडीच वर्षांपूर्वीचा निघाला, तो त्यांनी परत पाठवला.

“औषधांच्या दुकानात होतात वाटतं?” बाई हसत म्हणाल्या.

आप्पांना हसू आलं नाही. गाडी जॅकवर चढली, चाकं निघाली, नवी बसली. बाईंनी बजावलं, नवं रबर आहे, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर बेताने. जुने टायर पोरं ओढून न्यायला लागली तेव्हा आप्पा एकदम ओरडले, “तो डावा ठेवा! डिकीत घाला.”

“त्याचं काय करणार?”

“घसरली होती,” आप्पा म्हणाले. “मघाशी खोटं बोललो. मुलगी चालवत होती.”

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि टायर स्वतः उचलून डिकीत ठेवला.

घर वीस मिनिटांवर होतं, आप्पांना पाऊण तास लागला. सिग्नलला वाक्यं जुळवायची आणि हिरवा झाला की विसरायची, असं चाललं होतं. पाच वाजून गेले होते. तिने कळवून टाकलं असलं तर?

मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, पुढ्यात फोन. स्क्रीनवर नकाराच्या चार ओळी लिहून तयार होत्या, पाठवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. आप्पांनी टायर दारातून घरंगळत आणला आणि टेबलाला टेकवून उभा केला. फरशीवर काळा पट्टा उमटला.

“आप्पा! हे काय घरात?”

“हे चार आकडे वाच. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.”

ती वाकली. शेवटी मुलगी कुणाची! पाकिटं उलटी करतच लहानाची मोठी झालेली. दोनदा ओठ हलले आणि ती तशीच वाकलेली राहिली.

“हा मागे होता? त्या दिवशी?”

“हो. मीच लावला होता. दुकानातल्या बाई म्हणाल्या, असल्या टायरवर कुणीही असतं तरी फिरली असती.” आप्पांनी टायरवर हात ठेवला. “तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं, आणि वर मी त्याचं खापर तुझ्यावर फोडलं.”

तिने त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “दीड महिना, आप्पा. रोज रात्री मी तो ब्रेक दाबून बघत होते. अंथरुणात. किती जोरात दाबला असेन ते.”

मुलगी सरळ झाली. तिने त्यांचा फोन त्यांच्या खिशातून काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

“काकांना लावा. मग मावशीला. मग मास्तरांकडे जाऊन या. ज्यांना ज्यांना झुरळाचं सांगितलंत त्यांना.”

आप्पांनी भावाला लावला. सांगणं सोपं नव्हतं, पलीकडे तो आधी हसला आणि मग हसायचा थांबला. मेहुणीला सगळं दोनदा सांगावं लागलं. तिला आकडे कळेनात. ते आठवडा आणि वर्ष समजावत होते तेवढ्यात खुंटीवरची चावी वाजली.

पाठोपाठ बाहेर इंजिन सुरू झालं. आप्पा फोन कानाला लावूनच खिडकीशी धावले. गाडी फाटकापर्यंत आली आणि तिथे थांबली. थांबूनच राहिली. आप्पांचा जीव टांगणीला लागला. ‘सावकाश, नवं रबर आहे!’ हे अगदी जिभेवर आलं होतं. पण बाईंनी बजावलेलं त्यांनी घरी येतायेताच चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगला लावलं होतं, तिने ते वाचलंच असणार. त्यांनी शब्द गिळला.

गाडी डावीकडे वळली, घाटाच्या रस्त्याला. टेबलावर तिच्या फोनवरच्या चार ओळी पुसलेल्या होत्या, त्यांच्या जागी एकच शब्द गेला होता: हो.

“ऐकताय ना?” पलीकडून मेहुणी विचारत होती. “गाडीचा आवाज येतोय. कोण चालवतंय?”

“तीच,” आप्पा म्हणाले. “चांगली चालवते ती.”