माझ्या हातची आंबील

माझ्या हातची आंबील चांगली होत नाही, हे आधीच सांगून टाकते. तिला मीठ कमी पडतं. लहानपणी आमच्या घरी मीठ यायचं ते चिमटीनं, तेही सणावारी, त्यामुळे हात आखडलेलाच राहिला. पुढे आसराघरात तीस माणसांची चूल माझ्याकडे आली, मिठाचं मडकं भरलेलं असायचं, तरी हात सैल झाला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

आसराघर अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी होतं. मुळात ती कापसाची वखार. आग लागून अर्धी जळली, तेव्हा मालकानं टाकून दिली आणि एका गोऱ्या पाद्रीसाहेबानं घेतली. तुळयांवर जुना कापूस इतका चिकटला होता की वारा सुटला की प्रार्थनेच्या मध्येच डोक्यावर पडायचा. ज्याला घर नाही, ज्याला दारूनं खाल्लंय, ज्याला घरच्यांनी बाहेर काढलंय, त्यानं तिथे यावं. साहेब जात विचारत नसे. त्याला वाटायचं, आपण विचारली नाही म्हणजे ती नाहीशी झाली. भला माणूस, पण उंटावरून शेळ्या हाकणारा.

दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती म्हणे आणि तिथला कापूस विलायतेला जाईना. आम्हाला कुठलं ठाऊक? आम्हाला एवढंच दिसायचं की वऱ्हाडातल्या कापसाला वेडावाकडा भाव आलाय. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. रानात ज्वारी कमी आणि कापूस जास्त, म्हणून भाकर महाग झाली. आणि दारू विकणाऱ्या कलालाच्या दुकानापुढे गाड्यांची रांग. माझा नवरा अमरावतीला मोठाल्या पोत्यांत उतरून पायानं कापूस दाबायचा. दिवसभर छातीत कापसाची धूळ, संध्याकाळी मोहाची दारू. दोन पावसाळ्यांत संपला. मी गावकुसाबाहेरची बाई, अंगावरच्या लुगड्यानिशी अकोल्याला आले आणि साहेबानं मला चुलीपुढे बसवलं.

माझ्या हातचं तीस माणसं खातात! पहिल्या दिवशी मी लांबूनच वाढत होते. जन्मभर माझ्या सावलीपासूनही लोक बाजूला सरले होते. तिथे एक म्हातारा वाटी पुढे करून म्हणाला, ‘आणखी दे.’ मी त्या दिवशी चुलीमागे बसून रडले. येशू कोण हे मला तेव्हा धड कळलं नव्हतं, पण जो कोणी असेल त्याच्या घरी मला ‘आणखी दे’ म्हणतात, एवढं कळलं.

सूर्यभान आमच्याकडे आला तो हातगाडीवर. बाजारात गटाराच्या कडेला पडला होता, मी आणि साहेबानं उचलून आणला. अकोटकडचा शेतकऱ्याचा पोरगा. बायको बाळंतपणात गेली, पोरगी आपल्या आईकडे टाकली, आणि हा गाडी घेऊन कापूस वाहायला लागला. दारू तुटल्यावर माणसाचं काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. त्याला भिंतीवर साप दिसायचे. धोतरानं बाजेला बांधून ठेवला होता. अकरा दिवस मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन पळीपळीनं आंबील पाजली. अर्धी तो माझ्या अंगावर थुंकायचा. बाराव्या दिवशी डोळे उघडले, घोट गिळला आणि म्हणाला, “मीठ कमी हाये.”

“मेला असतास तर बरं झालं असतं,” मी म्हणाले. पण पोटातून असं काही हसू आलं की पळी हातातून पडली.

मग तो उठला. पाणी भरायचा, छप्पर शाकारायचा, लाकडं फोडायचा. चुलीपुढे येऊन बसला की एकच बोलणं. त्याची पोरगी जमुना. चार वर्षांची.

“मले पाहून थे दाराआड लपे,” तो म्हणायचा. “दारूचा वास ये ना मायाजोळ. आता नाई लपणार.”

“तोंड तर धू आधी,” मी म्हणायची.

त्याची आई पार्बताबाई एकदा येऊन गेली. आत आली नाही. रस्त्यापलीकडच्या निंबाखालून लेकाला डोळे भरून पाहिलं, आणि निरोप ठेवला, पोळ्याला घरी ये, पोरगी विचारते. त्या दिवसापासून तो पोळ्याचे दिवस मोजायला लागला. नांगर धरायचा, बैल धुवायचे, पोरीला बैलावर बसवायचं. दुसरं काही त्याला नको होतं. त्याच्याइतकंच मलाही ते हवं होतं. माझं कुणी कुठे परत गेलं नव्हतं.

आसराघराची एक रीत होती. रविवारी प्रार्थनेनंतर एकेकानं उभं राहून आभार मानायचे. नुसते देवाचे मानून चालायचं नाही. देवानं ज्या माणसाच्या हातून दिलं त्याचं नाव घ्यायचं, काय दिलं ते सांगायचं. आणि रस्त्याकडचं दार सताड उघडं ठेवायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांनी ऐकावं म्हणून. साहेबाला ही रीत फार आवडे. दारासमोर अकोटच्या गाड्यांचा तळ होता.

सूर्यभान दर रविवारी ‘देवाचे आभार’ म्हणून खाली बसायचा. त्या रविवारी साहेब म्हणाला, “नाव घे, सूर्यभान. लाजू नको.” तो उभा राहिला. मान खाली घालून बोलायला लागला आणि बोलता बोलता आवाज चढला.

“मी अकरा दिवस जनावर होतो. या मनकर्णाबाईनं मले आपल्या हातानं आंबील पाजली. मायनं पाजावं तशी. माया पोटात अन्न गेलं थे इच्याच हातचं. जगलो थो इच्यामुळं.”

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की कान बंद झाले. रस्त्यावरची बैलांची घुंगरं ऐकू येईनाशी झाली. आणि म्हणून तळावरचा एक गाडीवान बैल सोडता सोडता थांबलाय, हे मला दिसलं नाही. करायला गेले गणपती, झाला मारुती.

आठव्या दिवशी दुपारी नत्थुजी दारात उभा. सूर्यभानच्या जातीचा पंच. मागे पार्बताबाई, तिचा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. चार गाडीवान साक्षीला. नत्थुजी उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेरूनच म्हणाला, “सूर्यभाननं इथं तुया हातचं खाल्लं मन्तात. खरं हाये का?”

हो म्हटलं असतं तर सूर्यभानच्या नावानं घट फुटला असता, जातीनं त्याला वाळीत टाकलं असतं. जिवंत माणूस मेला. आई भेटणार नाही, पोरगी भेटणार नाही, पोळा नाही. सूर्यभान विहिरीजवळ पोहरा धरून उभा होता, चेहरा राखेसारखा.

“माया हातचं?” मी कमरेवर हात ठेवून म्हणाले. “थो? कुणब्याचा पोरगा? गवळ्याच्या घरचं दूध अन् भडभुंज्याकडचे फुटाणे, त्यावर काढले त्यानं दिवस. मी तर त्याच्या बाजेजोळबी गेली नाई.”

“मंग थो बोलला काहून?”

“बह्याड झाला होता. नशा उतरली नोती. दारुड्याच्या बोलण्यावर पंच बसवता का तुमी?”

साहेब मागून आला. त्याला सगळं कळलं होतं. “मनकर्णा,” तो हळू म्हणाला, “खरं बोल.”

“साहेब, तुम्ही आत जा,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला असं बोलले. तो उंबऱ्यामागे तसाच उभा राहिला.

नत्थुजीनं कंबरेची पिशवी सोडली. बेल आणि भंडार काढून सूर्यभानपुढे धरला. “उचल. मन, या बाईच्या हातचं पाणीबी माया घशाखाली गेलं नाई. अन् पुन्हा या दारी पाय ठेवला त मी जातीचा नाई.”

सूर्यभान माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर तो बोलला नसता. पार्बताबाई रडत म्हणाली, “बोल रे बाप्पा. पोरगी वाट पाहून राहिली.”

त्यानं बेलभंडार उचलला. बोलला. शब्द न् शब्द बोलला.

एवढ्यानं भागलं असतं. पण नत्थुजी जुना माणूस. “शपथ त दारुडाबी घेते,” म्हणाला. “बाई, तुयी आंबील आण. ठेव त्याच्या पायापाशी. सूर्यभान, तुले थे चालत नसंन, त मार लाथ.”

मी आत गेले. चुलीवरची ताजी आंबील गाडग्यात ओतली. बाहेर येऊन त्याच्या पायाशी ठेवली. अन्नाला लाथ मारणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्याचा पाय उचलेना. मी वाकलेलीच होते, तशीच हळूच म्हणाले, “मार, सूर्यभान. पोरगी आठव.”

त्यानं मारली. गाडगं उंबऱ्यावर आपटून फुटलं. आंबील धुळीत पसरली, थोडी माझ्या पायावर आली, गरम होती. गाडीवान हसले. नत्थुजीनं मान डोलावली. मग ते निघाले. सूर्यभान मागे वळला नाही. त्यानं वळायचंच नव्हतं, आणि तरी मी रस्ता रिकामा होईपर्यंत बघत राहिले. मागे कुत्री धूळ चाटत होती.

पुढच्या रविवारी माझी पाळी आली. साहेब उठला आणि स्वतःच्या हातानं दार लावलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाला, “तू खोटं बोललीस. तरी तुला आभार मानायचे असतील तर मान.”

“खोटं बोलले,” मी म्हणाले. “तुमच्या प्रभूनं भाकर वाटली तेव्हा दारात नत्थुजी उभा नव्हता.” कुणाचंही नाव न घेता मी खाली बसले. साहेब रागावला नाही. त्यापेक्षा रागावला असता तर मला सोसलं असतं.

सूर्यभान घरी होता, एवढं कानावर यायचं. पोळ्याला त्यानं पोरीला बैलावर बसवलं, हे त्याच तळावरच्या एका गाडीवानानं सांगितलं. मी त्या दिवशी सगळ्यांना दुप्पट वाढलं. आपल्या खोट्याचं सोनं झालं असं मला वाटलं, आणि वर्षभर मी त्याच तोऱ्यात राहिले.

मग अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव असा कोसळला की चांदीच्या शेंब्या महिन्याभरात बैलांच्या शिंगांवरून उतरल्या. आमच्या दारी माणसांची रीघ लागली, कालचे गाडीवान आज वाटी घेऊन. त्यांच्यातल्या एकानं सांगितलं, सूर्यभान पुन्हा पितो. पार बुडालाय. बाजाराला अकोल्यात येतो, पडतो, पण तुमच्या रस्त्याला फिरकत नाही.

मी त्याला शोधायला गेले. तो कलालाच्या दुकानामागे सापडला, भिंतीला टेकलेला, पाय सुजलेले. “चाल,” मी म्हणाले, “उठ, तुले घेऊन जातो.”

त्यानं मला ओळखलं. हात जोडले. “भंडार उचलला हाये, बाई,” म्हणाला. “त्या दारी पाय नाई ठेवता येत. माया पोरीचं लग्न व्हाचं हाये.”

मी त्याला ओढलं, शिव्या दिल्या, दंडाला धरून चार पावलं चालवलं. तो रस्त्यातच बसला आणि लेकरासारखा रडायला लागला. मला तो उचलेना. साहेबाला बोलावून आणेपर्यंत तो उठून गेला होता.

ज्या खोट्यानं मी त्याला घरी पाठवलं, त्याच खोट्यानं त्याला आमचं दार बंद केलं. हे मला त्या दिवशी रस्त्यात उभं राहून कळलं. तेव्हापासून ते माझ्या उशाला आहे.

चार महिन्यांनी पार्बताबाई आली, एकटी. भर दुपारी. निंबाखाली थांबली नाही, सरळ उंबऱ्यापाशी आली. चाल पाहूनच मला कळलं काय झालं ते. पोरगा गेला की म्हातारी बाई कशी चालते, ते मी आमच्या दारात पुष्कळ पाहिलंय.

“शेवटी त्यानं आंबील मागतली,” ती म्हणाली. “मी केली. थो मने, अशी नाई माय, मीठ कमी टाक. मी पुन्हा केली. मने, आणखी कमी. तीन डाव केली मी. त्याले पायजे थे जमलीच नाई मले.”

मी पदराला हात पुसले.

“थे कशी असते,” ती म्हणाली, “मले खाऊन पाहाची हाये.”

मी तिला आत घेतलं. बाहेर तळावर गाड्या उभ्या होत्या आणि जमुनाचं लग्न अजून व्हायचं होतं. मी आधी दार लावलं, कडी घातली. मग चुलीपुढे तिला पाट दिला, वाटी भरली. सवयीनं मिठाचं मडकं तिच्याजवळ सरकवलं.

तिनं ते दूर केलं. “नको,” म्हणाली. “हे अशीच दे.”

तिनं वाटी संपवली, बोटानं निपटून घेतली आणि पुढे केली. मी आणखी वाढली.