वाळुंज उपटणारा हात

“जावईबापू, थांबा! फेकलंत ते पीक होतं!”

बाबा बांधावरून ओरडले तेव्हा लेशेक गुडघ्यांवर बसून तण काढत होता. त्याने हातातल्या रोपाकडे पाहिलं. पान लांबट, अरुंद. मग जमिनीत जपून ठेवलेल्या रोपाकडे पाहिलं. तेही तसंच. सकाळपासून त्याने दोन ओळी साफ केल्या होत्या. त्यात वाळुंज किती उपटला आणि तण किती राखलं, देव जाणे.

“दोन्ही सारखीच दिसतात हो,” तो म्हणाला.

“बायको आणि मेहुणी तरी वेगळ्या ओळखू येतात ना?”

मी जेवण घेऊन आले होते. नवे बटाटे आणि विरजलेलं दूध. मला हसू आलं, पण लेशेकचं तोंड पाहून मी ते गिळलं.

एप्रिलमध्ये आम्ही या खालच्या शेतात वाळुंजाच्या, म्हणजे नदीकाठी वाढणाऱ्या त्या चिवट झाडाच्या, वीतवीत लांबीच्या कांड्या खोचल्या होत्या. डोळे वर, बोटभर कांडी बाहेर. तीन वर्षांनी कापायचं, तुकडे करून शहरातल्या बॉयलरला जळण म्हणून द्यायचं. कापलं की पुन्हा फुटतं, वीस वर्षं चिंता नाही. मात्र पहिल्या उन्हाळ्यात तण वरचढ झालं की खेळ खलास. मे महिनाभर पाऊस पडला, चिखलात ट्रॅक्टर घालता आला नाही आणि तण कमरेला लागलं. हे पीक गेलं तर लेशेक नॉर्वेला जहाजांच्या कारखान्यात जाणार होता. शेजारचा व्हितोल्ड तसाच गेला. आधी नाताळला तरी यायचा, आता तेही नाही.

बाबांनी एप्रिलपासून या शेतात पाऊल टाकलं नव्हतं. युद्ध संपता संपता विस्वा नदीचे बांध फोडले गेले आणि तिचं पाणी तीन वर्षं इथे साचून राहिलं. ते उपसल्यावर उरलं वाळुंजाचं रान. आजोबांनी आणि दहा वर्षांच्या बाबांनी ते मुळासकट काढलं. शेवटचं खोड ओढताना घोड्याची साखळी तुटून आजोबांच्या छातीवर बसली. तेव्हापासून साठ वर्षं बाबा दर वसंतात शेतालगतच्या पाण्याच्या पाटाच्या कडेने फिरत आणि वाळुंजाचा कोंब दिसला की उपटत. लेशेकने कांड्यांच्या पेट्या आणल्या त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, “ज्यानं घरातला माणूस खाल्ला, त्यालाच आता पाटावर बसवा.”

आणि आज तेच बाबा रबरी बूट घालून बांध उतरत होते. लेशेकच्या शेजारी ते खाली बसले.

“हे बघा. पानावर काळा डाग आहे, पेराला गाठ आहे, हे तण. आणि ओढल्यावर जे हट्ट करतं ना, तो वाळुंज. मेला सहजासहजी येत नाही.”

त्यांचे हात न बघता चालत होते. लेशेकची एक ओळ होईतो त्यांच्या दोन झाल्या.

“बाबा, तुम्ही तर येणार नव्हतात,” मी म्हटलं.

“अगं मिरका, एकदा या शेतापायी घरातला माणूस गेला. आता सत्तरीत पुन्हा नको. नॉर्वेपेक्षा वाळुंज परवडला.”

लेशेकने आपल्या वाट्याचं दूध एका वाडग्यात ओतून बाबांपुढे ठेवलं. मी भांडी गोळा करायला लागले.

दुपारी बाबा ओळीच्या टोकाला पोचले. तिथे सवयीने त्यांचा हात एका रोपावर पडला आणि एका हिसक्यात ते मुळासकट बाहेर आलं. वाळुंज होता. खालच्या अंगाला पांढरी, दोऱ्यासारखी मुळं फुटली होती. बाबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बोटाने भोक पाडलं, रोप त्यात बसवलं, टाचेने माती दाबली आणि कुणी पाहिलं का म्हणून मागे वळले.

मी तोवर मान फिरवून पाटाकडे बघत होते.