उकर्ड्याची आई

झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली की दोन्ही हात मोकळे होतात. मी तशीच लिहिते. पाय हलत राहतो, बाळ झोपतं, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेतातून येईपर्यंतचा वेळ माझा असतो. त्या वेळात लिहिलेले दोन लेख अकोल्याच्या साप्ताहिकात छापून आले आणि मग संपादकांचं कार्ड आलं. यापुढे बायकांचं अर्धं पान तुम्ही लिहा. पानाला चांगलंसं नाव सुचवा, आणि खाली तुमचं कोणतं नाव घालायचं तेही कळवा.

स्वतःचं नाव घालायचा प्रश्नच नव्हता. धाडच्या शाळेतल्या मास्तरांची मी बायको, भर बाजारात माझं नाव कसं फिरवायचं? अमक्याची आई असं लिहावं, हे मी ठरवून टाकलं. अडचण त्याच्या पुढेच होती. माझ्या मुलाचं नाव उकर्डा.

आमच्याकडे ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे असं नाव ठेवतात. माझी पहिली दोन गेली. शरच्चंद्र रांगायला लागला होता. पद्मजा तर बारशानंतर फार दिवस राहिलीच नाही. दोन्ही नावं यांनी पुस्तकात पाहून ठेवली होती. तिसऱ्या खेपेला आत्याबाईंनी कुणाला विचारलं नाही. जन्मलेलं लेकरू सुपात घातलं आणि परसातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या झुंबरबाईंनी ते उचललं आणि पसाभर कण्या घेऊन आम्हाला परत विकलं. टाकून दिलेलं, विकत घेतलेलं मूल. त्याला न्यायला कोण येणार? तो जगला. आता घरभर पळतो.

पण हेडमास्तरांच्या पुष्पाबाई पुण्याकडच्या. पहिल्याच हळदीकुंकवाला त्यांनी विचारलं, "नाव काय हो याचं?" मी म्हटलं, "बाळच म्हणतो आम्ही."

पाटीवर 'उकर्ड्याची आई' लिहून पाहिलं आणि लगेच पुसलं. मग 'शरच्चंद्राची आई' लिहिलं. किती सुरेख दिसलं! यात खोटं काय, मी मनाशी म्हटलं, त्याचीही आई मीच की. आठवणही राहील. पण खरं सांगायचं तर आठवण मागाहून आली, अक्षरं आधी आवडली. पानाला नाव दिलं 'कुंदलता'. यांनाही न दाखवता पाठवून दिलं.

अंक आला तो बाजाराचा दिवस होता. हे ओसरीवर वाचून दाखवायला बसले. आत्याबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या, झुंबरबाई तंबाखू मळत होत्या.

"कुंदलता," यांनी सुरुवात केली.

"येल व्हय?" झुंबरबाई म्हणाल्या. "फळ काय येते तिले?"

"फळ नाही हो, हे पानाचं नाव आहे."

"मंग भाजी करा पानाची!"

सगळे हसले. मीही हसले. मग यांनी लेख वाचला. मुलाला दात येतानाचा होता. त्यानं चावून ठेवलेली लाकडी पळी, त्याची लाळ, रात्रीची रड, सगळं होतं त्यात. आत्याबाई खुशीत मान डोलवत होत्या. "हाव हाव, असाच करते तो." शेवटाशी येऊन हे थांबले. माझ्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात वाचलं, "शरच्चंद्राची आई."

शेंगा सोलणारे हात थांबले.

"दात कोनाले आले?" झुंबरबाईंनी विचारलं. "उकर्ड्याले ना? मंग हे नाव काऊन?"

 मुलगा शेजारीच टरफलं तोंडात घालत बसला होता. आत्याबाईंनी बोट घालून टरफल काढलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "गेल्याले आई देली तिनं. अन् जित्याले पोरकं केलं."

"तसं नाही आत्याबाई, आठवण म्हणून..."

"आठवन मले नाही काय? माह्या मांडीवर गेला तो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "याच्या नावाची तुले लाज वाटते. मास्तरच्या घरचं लेकरू सुपात घालून उकिरड्यावर नेलं, साऱ्या आळीनं पाह्यलं. मले वाटली नसन लाज?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं.

झुंबरबाई उठल्या आणि मुलाला कडेवर घेतलं. "तुह्या कण्या वापस देतो माय. माहं लेकरू नेतो मी घरी." थट्टाच होती ती, पण हसलं कुणीच नाही. तो मजेत निघाला. "बाळ, ये," मी हात पुढे केले. "बाळ, इकडे ये ना." त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"उकर्ड्या," मी म्हटलं. तो वळला आणि माझ्या अंगावर झेपावला.

दुसऱ्या दुपारी पुन्हा दोरी अंगठ्याला बांधली आणि संपादकांना कार्ड लिहिलं. पानाचं नाव 'उकिरड्यावरून'. खाली 'उकर्ड्याची आई'. मोठ्या अक्षरांत लिहिलं, नाहीतर छापखान्यातले लोक चूक समजून सुधारायचे.

आमच्या गावात डाकेचं काम हेडमास्तरांच्या घरीच चालतं. कार्ड म्हणजे आधी पुष्पाबाईंच्या वाचनात. यांनी एक पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं. त्यात घातलं की झालं, कुणाला कळणार नाही. आत्याबाई दारातून बघत होत्या.

मी पाकीट कनवटीला खोचलं, कार्ड हातात घेतलं आणि उकर्ड्याला कडेवर. वाटेत दोनदा हात कनवटीकडे गेला.

पुष्पाबाईंनी कार्ड घेतलं, नेहमीसारखं वाचलं, आणि त्यांचा पदर तोंडाशी गेला.

"अगंबाई! उकर्ड्याची आई?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "ही कोण?"

माझे कान तापले. आपलं नाव ऐकून तो कडेवरून ओरडला, "ओ!"

मग मीही म्हटलं, "ओ."