लंबकबाबांची फळी

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कुणी खोकतसुद्धा नव्हतं. सगळ्यांचे डोळे एका लाकडी फळीवर खिळले होते. दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी टाकलेली ती फळी, आणि तिला शेजारी शेजारी टांगलेली दोन घड्याळं: एक मुलाच्या घरचं, एक मुलीच्या घरचं. सुरुवातीला ती भांडखोर जावांसारखी टकटकत होती, एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू. हळूहळू आवाज जवळ आले, आणि थोड्या वेळानं दोघांची मिळून एकच टिकटिक ऐकू येऊ लागली.

"लंबक बघा, लंबक!" लंबकबाबा गरजले. "जवळ येतात, लांब जातात, पुन्हा जवळ येतात! रुसवा आणि समजूत! यालाच संसार म्हणतात. काळानं होकार दिला!"

मुलीची आत्या रुमालात तोंड लपवून रडू लागली. बाबांच्या पायांशी लोकांची झुंबड उडाली. मी मात्र घाम पुसत बसलो होतो, कारण पुढची पाळी माझ्या भाचीची होती.

आमच्या गावात घड्याळं आली ती कापडगिरणीबरोबर. त्याआधी आमची माणसं सावली बघून उठायची, भूक लागली की जेवायची. "संध्याकाळी येतो" म्हणणारा अंधार पडेपर्यंत कधीही आला तरी चालायचं. गिरणीचा भोंगा वाजू लागला आणि उशीर नावाचा गुन्हा जन्माला आला. मालकांनी घरोघरी एकाच बनावटीचं लंबकाचं घड्याळ दिलं. मग शाळेला वेळ आली, दुधाला वेळ आली, नवरा-बायकोच्या भांडणालाही वेळ आली. जे अख्ख्या घराला उठवतं-बसवतं, त्याच्यात काहीतरी शक्ती असणारच, असं लोकांना वाटू लागलं. नेमकं हे हेरून लंबकबाबा गावात उतरले आणि लग्नं जुळवू लागले. मोडूही लागले. कंपाउंडरचं आणि टायपिस्ट मुलीचं लग्न त्यांनी असंच मोडलं होतं. ती पोरगी गाव सोडून मावशीकडे गेली, ती परतलीच नाही.

माझी भाची शाळेत विज्ञान शिकवते. बेकरीवाल्याचं आणि तिचं एकमेकांवर मन बसलेलं. पण त्याची आई, नवरा गेल्यावर एकटीनं भट्टी सांभाळलेली खमकी बाई, बाबांच्या शब्दाबाहेर नव्हती. त्यात मागच्या प्रवचनात बाबा म्हणाले होते, "घड्याळाचे काटे श्रद्धेनं उलटे फिरवले, तर माणूस तरुण होतो," आणि भाची सगळ्यांसमोर खुदकन हसली होती. बाबांनी तेव्हाच तिच्याकडे रोखून पाहिलं होतं.

आता भाचीची पाळी आली आणि बाबांनी डोळे मिटले. "या दोन घड्याळांना भिंतीची आज्ञा आहे."

शिष्यानं दोन्ही घड्याळं दगडी भिंतीवर दोन खिळ्यांना लावली. आम्ही बसून बसून कंटाळलो, पण एक घड्याळ 'टिक' म्हणे, तर दुसरं सावकाश 'टक'.

"विजोड!" बाबा म्हणाले.

बेकरीवाल्याची आई उठली. "चल रे."

"अगं आई, पण..."

"पण नाही नि बिण नाही. चल."

भाची पुढे झाली. "काकू, एकच विनंती. तुमचं घड्याळ मी त्या फळीवर लावून बघू?"

"माझ्या मंत्राशिवाय फळीला हात?" बाबा ताडकन म्हणाले.

"मंत्राशिवायच लावते. म्हणजे जुळणार नाही, आणि माझं तोंड कायमचं बंद होईल."

हा शेवटचा फायदा काकूंना पटला. "लावू द्या, बाबा. होऊ दे फजिती."

भाचीनं काकूंचं घड्याळ फळीवर लावलं. मग इकडेतिकडे बघून बाबांच्या आसनामागचं, त्याच बनावटीचं घड्याळ काढलं आणि त्याच्या शेजारी टांगलं.

"अहो, ते माझं स्वतःचं आहे!" बाबा ओरडले.

"मग तर ते पवित्रच असणार," भाची म्हणाली.

लोक थांबले. बेकरीवाल्यानं घाबरून खिशातली बिस्किटं एकट्यानंच संपवली. टिक-टक, टिक-टक... आणि बघता बघता दोन घड्याळांची एकच टिकटिक झाली.

मागून न्हावी ओरडला, "अभिनंदन, काकू! बाबा, तारीख कधीची धरायची?"

हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. काकूंचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला. "काय हो, माझं तुमच्याशी जुळलंय म्हणे?"

"ही... ही काळाची थट्टा आहे," बाबा पुटपुटले.

"थट्टा नाही, फळी आहे," भाची म्हणाली. तिनं पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी फळीवर ठेवली. पाण्यावर बारीक वलयं उठत होती. "लंबक हलतो तसा फळीला झोका बसतो, आणि तो झोका दुसऱ्या लंबकाला पोचतो. अशी एकमेकांना ढकलत ती एका तालात येतात. दगडी भिंत हलत नाही, म्हणून तिथे जुळत नाहीत. सकाळी बाबांचे शिष्य 'शुद्धी'साठी म्हणून सगळ्यांची घड्याळं आत नेतात ना, तिथे लंबकाखालचा स्क्रू फिरवून सगळी एका चालीवर आणतात. मग ज्यांना हो म्हणायचं त्यांना फळी, ज्यांना नाही त्यांना भिंत. साडेतीनशे वर्षांपूर्वी लंबकाचं घड्याळ करणाऱ्या एका शास्त्रज्ञानं आजारपणात पडल्या पडल्या हेच पाहिलं. नवल त्यालाही वाटलं. पण त्यानं कारण शोधलं."

काकूंनी फळीवर बोट टेकवलं. "अगं बाई, थरथरतेय की!"

तेवढ्यात टायपिस्ट मुलीचे वडील उभे राहिले. "म्हणजे माझ्या पोरीला घड्याळानं जो नकार दिला..."

"घड्याळानं काहीच दिलं नाही, काका," भाची हळूच म्हणाली. "नकार तुम्ही दिलात."

ते तसेच बाहेर पडले, मावशीच्या गावाची गाडी पकडायला. बाबा मागच्या दारानं कधी सटकले, ते कुणाला कळलंच नाही.

घड्याळानं आपलं पुष्कळ भलं केलं. आगगाडी वेळेवर आणली, डॉक्टरला नाडी मोजायला मदत केली. ते कसं चालतं हे ठाऊक नसण्यात लाज नाही. पण ठाऊक नाही म्हणून त्याच्यापुढे हात जोडायचे आणि घरातल्या पोरीला मात्र तिचं मत विचारायचं नाही, हा शहाणपणा नव्हे. नवल वाटलं तर खुशाल वाटू द्या. मग उठा, जवळ जा, आणि हात लावून बघा.